परिपाठवाले नाना

माणूस भिंतीने घडतो, असं नानांचं ठाम मत आहे. आईबाप, गुरुजी, पुस्तकं ही सगळी दुय्यम साधनं. नीट जागा हेरून, डोळ्यांच्या उंचीवर, ठळक अक्षरांत एक पाटी लावावी. तिच्यासमोरून रोज येणारं-जाणारं पोर आज ना उद्या सरळ होतंच. सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात नाना मुख्याध्यापक होते आणि त्यांच्या कारकिर्दीत शाळेची एकही भिंत मोकळी राहिली नाही. जिन्यात विवेकानंद होते. गळक्या टाकीवर पाणी वाचवायचा संदेश होता. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, जिथे उशिरा आलेली पोरं तासन्‌तास उभी केली जात, तिथे 'वेळ अमूल्य आहे' असं लिहिलेलं होतं.

निवृत्तीनंतर नाना आणि काकू मुलाकडे टेक्ससला आले. डॅलसच्या उत्तरेला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी उपनगरं वाढली, त्यांतल्या एकात त्यांचं घर आणि त्याच गल्लीत आमचं. घर ऐसपैस, भिंती भरपूर. पण सुनेने पहिल्याच आठवड्यात बजावलं, "बाबा, खिळा मारायचा नाही हं. ड्रायवॉल आहे, ढपला पडतो." नाना त्या दिवशी संध्याकाळच्या फेरीत फारसे बोलले नाहीत. कोपऱ्यावर आल्यावर एवढंच म्हणाले, "ज्या देशात भिंतीत खिळा ठरत नाही, तिथे पोरांत संस्कार कसा ठरायचा?"

मग त्यांनी मोर्चा नातवाच्या शाळेकडे वळवला. आजी-आजोबांना शाळा दाखवायचा दिवस होता. बाकीचे आजोबा फोटो काढत होते, नाना वहीत शेरे लिहीत होते. ती वही मी पाहिली आहे. 'वर्ग हवेशीर. फळा नाही, पडदा आहे. मुले गालिच्यावर लोळून वाचतात. बाईंना नावाने हाक मारत नाहीत, समाधानकारक. शिस्त बेताची.' भिंतींवर दयाळू व्हा, प्रयत्न सोडू नका अशा रंगीत पाट्या होत्या. त्यांवर नानांचा आक्षेप एकच: "खाली नाव नाही. सुविचार म्हटला की खाली नाव पाहिजे. उद्या पोरं विचारतील, कोण म्हणतंय?"

शाळेची सकाळ मात्र त्यांना आवडली. अमेरिकेच्या झेंड्याला प्रतिज्ञा, मग टेक्ससच्या झेंड्याला वेगळी प्रतिज्ञा आणि लगेच एक मिनिट शांतता, हे इथे २००३ पासून कायद्याने आहे. टेक्ससच्या प्रतिज्ञेत २००७ साली देवाचाही उल्लेख घातला गेला. "म्हणजे परिपाठच की!" नाना म्हणाले. "आपल्याकडे राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, बोधकथा, दिनविशेष. यांचं निम्म्यावरच आटोपतं. पण पाया आहे. वर बांधकाम करता येईल."

बांधकाम करणारे बरेच आहेत, हे नानांना नंतर कळलं. टेक्ससमध्ये गेल्या काही वर्षांत सनातनी मंडळींनी सरकारी शाळा हातात घ्यायचं मनावर घेतलं आहे. 'आम्ही देवावर विश्वास ठेवतो' हे राष्ट्रीय ब्रीद असलेला फलक कुणी देणगी दिला तर शाळेने तो लावलाच पाहिजे, असा कायदा २०२१ चा. शाळेत समुपदेशनाला धर्मोपदेशक नेमायची मुभा २०२३ ची. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाने बायबलमधल्या गोष्टी पेरलेला प्राथमिक अभ्यासक्रम ८ विरुद्ध ७ मतांनी मंजूर केला. सक्ती नाही, पण जी शाळा घेईल तिला दर विद्यार्थ्यामागे ६० डॉलरपर्यंत जादा. "अनुदान!" नाना लगेच म्हणाले. हा शब्द त्यांना कुठल्याही भाषेत ओळखू येतो.

आणि मग जून २०२५ मध्ये गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी त्या कायद्यावर सही केली: १ सप्टेंबरपासून सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा फलक. नानांनी कायदा छापून घेतला, पिवळ्या पेनाने रंगवला आणि फेरीला बरोबर आणला. "ऐक. किमान सोळा इंच रुंद, वीस इंच उंच. ठळक जागी. आणि सर्वसाधारण नजरेच्या माणसाला वर्गात कुठूनही वाचता आला पाहिजे! याला म्हणतात जीआर. आपल्याकडे 'उचित कार्यवाही करावी' म्हणायचं आणि सही ठोकायची." आयुष्यभर परिपत्रकं वाचलेल्या त्या माणसाचा आवाज सोळा इंचांपाशी अक्षरशः कातर झाला होता. जगात कुठेतरी एक सरकार होतं, ज्याला भिंतीचं महत्त्व कळलं होतं.

पाट्या लागल्या आणि दोनच दिवसांत नातू शाळेतून येऊन थेट देवघरासमोर उभा राहिला. त्यांचं देवघर स्वयंपाकघरालगतच्या कोठीत, डाळींच्या डब्यांच्या वर. पोरगा बोट दाखवत मोजत होता.

"काय रे?"

"आजोबा, बसमध्ये एक मुलगा म्हणाला, दुसरे देव ठेवायचे नाहीत आणि मूर्ती करायच्या नाहीत. वर्गात लिहिलंय. आपल्याकडे किती आहेत?"

नाना खरं बोलणारे. "नऊ. बाळकृष्ण आणि टाक धरून."

"मग आपण नियम नऊ वेळा मोडला की एकदाच?"

त्या संध्याकाळी नाना फेरीला आले ते दुसऱ्या पक्षात जाऊन. आता त्यांना थॉमस जेफरसन सापडला होता. १८०२ साली कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्ट मंडळींना लिहिलेल्या पत्रात जेफरसनने धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांच्यामधल्या भिंतीची गोष्ट केली होती. "बघ, हाही भिंतीचाच माणूस!" नानांना धन्य वाटलं. फक्त ही भिंत पाटी लावायची नव्हती, आड घालायची होती.

पुढच्या महिनाभरात नाना निकालांत पारंगत झाले. १९६२: न्यूयॉर्कच्या शाळांतली सरकारमान्य प्रार्थना सर्वोच्च न्यायालयाने बंद केली. १९८०: केंटकीतले दहा आज्ञांचे फलक, देणगीच्या पैशांतून लावलेले असूनही, घटनाबाह्य ठरवले. २०२२: वारं फिरलं. सामना संपल्यावर मैदानात गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या फुटबॉल कोचच्या बाजूने ६-३ असा निकाल लागला, आणि तेव्हापासून या कायद्यांना धीर आला. टेक्ससच्या फलकांवर तर कायदा लागू व्हायच्या आधीच, ऑगस्ट २०२५ मध्ये, सॅन अँटोनियोच्या न्यायाधीशांनी अकरा शाळा-जिल्ह्यांपुरता मनाई हुकूम दिला. त्यात आमच्या शेजारचं प्लेनो होतं, आमचा जिल्हा नव्हता. दावा लावणाऱ्या कुटुंबांत ख्रिस्ती होते, ज्यू होते, देव न मानणारे होते, आणि एक हिंदू कुटुंबही होतं. याचा नानांना इतका अभिमान की ऐकणाऱ्याला वाटावं, ते कुटुंब सांगलीचंच.

इथवर सगळं सरळ होतं. घोटाळा घड्याळाचा. आपल्याकडे सकाळ होते तेव्हा इथे संध्याकाळ असते. त्यामुळे संध्याकाळी साडेसहाला शाळेत धर्म नको म्हणून मला पटवून झालं की नाना साडेआठला 'माजी मुख्याध्यापक' या व्हॉट्सॲप गटावर शाळेत गीता का हवी हे लिहायला बसायचे. हा नाद जुनाच. त्याआधी मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला झाला होता. त्यात मनाचे श्लोक आणि गीता यांच्या पाठांतराची सूचना होती आणि मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात मनुस्मृतीतला एक श्लोक होता. श्लोकावरून गदारोळ झाला, महाडला आंदोलन झालं, मनुस्मृतीचा समावेश होणार नाही असं शिक्षणमंत्री दीपक केसरकरांना सांगावं लागलं. मनुस्मृतीवर नानांनी मौन पाळलं. पाठांतरावर मात्र टेक्ससहून सात पानी सूचना धाडल्या. श्लोक वर्गाच्या कोणत्या भिंतीवर, किती उंचीवर लावावेत याची आकृतीही जोडली होती.

सुनेच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. ती ऑडिटमध्ये आहे. "बाबा, इकडे नको आणि तिकडे हवं, असं कसं?"

"तिकडे ती संस्कृती आहे," नाना म्हणाले. "इकडे हा धर्म आहे."

"आणि घटनेचं कलम २८?"

इथे मात्र नाना पक्के. अनुदानित शाळेचा मुख्याध्यापक कलम २८ झोपेतही म्हणून दाखवील. "ज्या शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालतात, त्यांत धार्मिक शिक्षण नाही. पूर्णपणे! आमचं वेतनेतर अनुदान कधी वेळेवर आलंय का? आणि बाकीच्या ठिकाणी पालकांची संमती घ्यायची. घेऊ की. पालक सही कशावरही करतात, मी सहलीची पत्रं पाठवलेली आहेत."

याच सुमारास नानांना कोच भेटले. पलीकडच्या गल्लीत राहणारे निवृत्त फुटबॉल कोच, सहा फूट उंच, डोक्याला कायम टोपी, रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवणारे. फेरीच्या रस्त्यावरच ओळख झाली आणि पहिल्या दिवसापासून दोघांचं असं जमलं की मी मागे पडलो. नानांचं इंग्रजी शिक्षणाधिकाऱ्याला लिहिलेल्या अर्जासारखं, कोचचं टेक्ससच्या हेलातलं. पण तक्रारी दोघांच्या एकाच वळणाच्या. पोरं मोठ्यांच्या नजरेला नजर देत नाहीत. बाप पोरांना घाबरतात. बाईंनी रागावलं की पालक वकील घेऊन येतात. टेक्ससने २०२५ च्या शाळावर्षापासून शाळेत मोबाइल बंद केले, या निर्णयाचं तर दोघांनी रस्त्यात उभं राहून हस्तांदोलन करून स्वागत केलं. सगळ्यावर एकमत. देवापाशी आलं की अडायचं.

"हा धर्माचा प्रश्नच नाही," कोच म्हणाले. "आपले कायदे, आपला इतिहास याच्यावर उभा आहे. हा वारसा आहे."

नाना जागीच थबकले. घरी येईपर्यंत पुटपुटत होते, "अरे, हे तर माझं वाक्य! या गृहस्थाला कुणी दिलं?"

दोघांनी मार्ग काढायचे प्रयत्न केले, नाही असं नाही. नाना म्हणाले, ब्रीदाचा फलक देवनागरीत करून देणगी देतो. देव तोच, लिपी वेगळी. कोचनी सांगितलं की २०२२ मध्ये शेजारच्या साउथलेकला एकाने अरबी लिपीतला फलक देऊ केला होता आणि शाळा मंडळाने एकच पुरे म्हणून परत केला. मग नानांनी योग सुचवला. व्यायाम आहे, धर्माचं काही नाही, सगळ्यांना चालेल. त्यावर मीच अलाबामाची हकिगत सांगितली: तिथे १९९३ पासून सरकारी शाळांत योगाला बंदी होती. २०२१ मध्ये ती उठवली, पण आसनांची नावं इंग्रजीतच घ्यायची, मंत्र म्हणायचा नाही आणि नमस्ते करायचं नाही, अशी अट घालून.

"नमस्कारावर बंदी?" नाना रस्त्याच्या मधोमध उभे. "हात जोडण्यावर?"

कोच शांतपणे म्हणाले, "तो नुसता व्यायाम असेल तर नमस्ते कशाला लागतं? आणि नमस्ते लागत असेल, तर मग तुमचं आमचं एकच चाललंय की."

नानांना उत्तर सुचलं नाही, हे मी प्रथमच पाहिलं.

दोघांना हसणं सोपं आहे. त्यांचं दुखणं खोटं नाही. कोचच्या दोन्ही मुली चर्चला जायच्या बंद झाल्यात. एक कॅलिफोर्नियात आहे, नाताळला फोन करते. नानांचा नातू मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतो आणि शुभंकरोतीच्या वेळी त्याला नेमकं पोहायला जायचं असतं. जे घरात हातून निसटलं ते शाळेने धरून द्यावं, ही दोघांची आशा. घरात तर खिळासुद्धा मारता येत नाही. शाळा सरकारची, भिंत सरकारची, खिळा सरकारी खर्चाने. आणि सुधारणा दुसऱ्याच्या पोरापासून सुरू होते, त्यामुळे कुणाचं मन मोडत नाही. आपलं पोर आपल्याला बसमधलं ऐकून प्रश्न विचारायला लागलं की मगच जेफरसन आठवतो.

हिवाळ्याच्या तोंडाला शाळा मंडळाची बैठक आली. २०२५ च्याच दुसऱ्या एका कायद्याने टेक्ससमधल्या प्रत्येक शाळा मंडळाला १ मार्च २०२६ च्या आत मत घ्यायला लावलं होतं: रोज प्रार्थनेसाठी आणि धर्मग्रंथाच्या वाचनासाठी वेळ ठेवायचा की नाही. पालकांनी संमतिपत्र द्यायचं आणि त्यात दावा लावायचा हक्कही सोडायचा. नानांनी बोलणाऱ्यांच्या यादीत नाव घातलं. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर उलटी मोजणी करणारं घड्याळ, वेळ संपली की लाल दिवा.

नाना कोट घालून, पायात पांढरे बूट चढवून माइकपाशी गेले. "आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, उपस्थित पालक, शिक्षकवृंद आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो." इंग्रजीत हे सगळं म्हणायला पहिलं मिनिट गेलं. दुसऱ्या मिनिटात त्यांनी आपल्या शाळेचा दहावीचा निकाल, शिष्यवृत्तीधारकांची संख्या आणि स्वच्छ शाळा स्पर्धेतला जिल्हास्तरीय क्रमांक सांगितला. तिसऱ्या मिनिटाला ते मुद्द्यावर आले. "शाळेत प्रार्थना हवीच!" उजव्या बाजूच्या खुर्च्यांतून टाळ्यांचा कडकडाट, कोच उभे राहिले. "पण ती कोणाची, हे सरकारने सांगता कामा नये!" डाव्या बाजूने टाळ्या, पाट्यांविरुद्धचे बिल्ले लावलेल्या बायका उभ्या राहिल्या. "म्हणून माझी सूचना अशी की," असं म्हणून नानांनी खिशातून आकृती काढली आणि लाल दिवा लागला.

बाहेर दोन्ही गट त्यांना भेटले. दोघांनीही आपल्या पुढच्या सभेचं निमंत्रण दिलं. नानांनी दोन्ही स्वीकारली. "दोघांनाही पटलं," मोटारीत बसताना ते सुनेला म्हणाले. सून म्हणाली, "बाबा, दोघांनाही अर्धं अर्धं ऐकू आलं."

जानेवारीत इथल्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. शाळेच्या सभागृहातच. तिळगूळ वाटत एक तरुण आमच्याकडे आला आणि वाकून नानांच्या पाया पडला. "सर, ओळखलंत?"

नाना कुठल्याही माजी विद्यार्थ्याला ओळखतात. "आठवीचा ना? पहिल्या बाकावरचा?"

"शेवटच्या, सर. आणि एकच दिवस होतो."

२०११ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. ३ ते ५ तारखेला राज्यभर पटपडताळणी झाली होती. कागदावरचे सुमारे २० लाख विद्यार्थी वर्गांत सापडलेच नाहीत. ते सापडावेत म्हणून बऱ्याच ठिकाणी बरीच धावपळ झाली होती. हा मुलगा त्याच संस्थेच्या पलीकडच्या इंग्रजी शाळेतला. "आम्हा पोरांना सकाळी तुमच्या वर्गात आणून बसवलं, सर. मला कुणाचं तरी नाव दिलं होतं, ते पुकारलं की 'हजर' म्हणायचं. शिकवायला कुणी आलं नाही, सगळे सर कागद भरत होते. मग दिवसभर समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. तिथे लिहिलं होतं, 'नेहमी खरे बोलावे'. अक्षर काय सुंदर होतं! अजून डोळ्यांपुढे आहे."

सुनेला तिळगुळाचा ठसका लागला. मी पायाखालची फरशी पाहू लागलो. काकूंनी हलव्याची वाटी उगाच इकडची तिकडे केली. नानांनी त्या मुलाकडे क्षणभर रोखून पाहिलं, आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, यांना काही ऐकूच आलं नसावं.

ऐकू आलं होतं. माझा दंड धरून ते म्हणाले, "बघितलंस? चौदा वर्षं झाली, अजून पाठ आहे! आणि लोक म्हणतात पाट्यांचा उपयोग नाही. एका दिवसात हा परिणाम. तोसुद्धा पटाबाहेरच्या विद्यार्थ्यावर!"